सोवळ्यातील बालपण आणि लैंगिक शिक्षण

धार्मिक वृत्तीच्या घरात वाढणारे मूल सामान्यतः भाग्यवान समजले जाते आणि ते बहुतांशी योग्यच आहे. सायंकाळी देवापुढे दिवा लागतो, सुट्टीच्या दिवशी मंदिरातील मराठीच्या वर्गाला जाणे होते, गणेशचतुर्थीच्या आधी घरात मांसाहार वर्ज्य होतो, वडीलधाऱ्यांच्या पाया पडण्याची सवय लागते. मॉरिशसमधील मराठी समाजाने उसाच्या मळ्यांतील कष्टांतून जे थोडेफार वाचवून पुढच्या पिढ्यांच्या हाती दिले, त्यात या गृहसंस्काराचे स्थान पहिले आहे. परंतु याच घरांत एक विषय असा आहे की, ज्याच्या उंबरठ्याशी आईवडील, आजीआजोबा, पुरोहित आणि शिक्षक असे सर्वच जण थबकतात. मूल कसे जन्मते, वयात येणे म्हणजे काय, स्त्रीपुरुषसंबंधांचे स्वरूप कोणते, स्वतःच्या शरीरावर दुसऱ्याचा अधिकार कोठवर चालतो, या प्रश्नांना घरात उत्तर मिळत नाही. प्रश्न विचारलाच तर ‘मोठा झालास की कळेल’ हे एक ठरलेले वाक्य मिळते, किंवा तेही न मिळता डोळे वटारले जातात. मुलाला या ज्ञानापासून सोवळ्यात ठेवले म्हणजे ते निर्मळ राहील, अशी या मौनामागची श्रद्धा आहे. ती आज कितपत खरी उरली आहे, हे तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

हे मौन आले कोठून, याचा विचार केल्याशिवाय त्याचा न्याय करणे उचित होणार नाही. १८३४ साली या बेटावर करारबद्ध मजुरीची पद्धत सुरू झाली. मुंबई बंदरातून जी माणसे येथे आली त्यांत रत्नागिरीकडील कोकणी मुलखातल्यांचा भरणा मोठा होता. आरंभीच्या काळात येणाऱ्या मजुरांत स्त्रियांची संख्या इतकी अल्प होती की, पुढे सरकारला पुरुषांच्या मानाने स्त्रियांचे प्रमाण ठरवून द्यावे लागले. कोठीवरील एकेका खोलीत कुटुंबेच्या कुटुंबे राहत. रात्री भिंतीपलीकडचा शब्दही ऐकू येई. तशात धार्मिक विधीने लागलेल्या विवाहाला सरकारी नोंदणीवाचून कायद्याची मान्यता दीर्घकाळ नव्हती. अग्नीच्या साक्षीने सून झालेली स्त्री कागदोपत्री अविवाहितच ठरे. अशा परिस्थितीत गरीब माणसाजवळ मुलीच्या रक्षणाचे जे उपाय होते ते त्याने केले. तिला लवकर उजवावे, परक्याच्या नजरेपासून दूर ठेवावे आणि तिच्यादेखत कोणताही आडवा शब्द काढू नये, हे ते उपाय. त्या काळी मौन ही निर्धनाच्या घराची भिंत होती. ती बांधणाऱ्या आज्यापणज्यांना दोष देण्याचे कोणालाही कारण नाही.

मात्र त्या पिढ्यांतही शिक्षण मुळीच नव्हते असे मानणे चुकीचे ठरेल. कोकणातील घरांत मुलीला पहिले न्हाण आले की तिला मखरात बसवून, ओटी भरून तो प्रसंग साजरा केला जात असे. लज्जेने लपवण्याची ती गोष्ट नव्हती. हळदीच्या रात्री बायका जी गाणी म्हणत त्यांत नव्या नवरीला जे कळायला हवे ते थट्टेच्या आवरणाखाली सांगितलेले असे. सुईण घरी येई, गाय गोठ्यात वीत असे, आणि आठ-दहा वर्षांच्या मुलांना जन्माची वाट ठाऊक होई. जे उरे ते आत्या, मावशी, थोरली जाऊ किंवा आजेसासू योग्य वेळी कानात सांगे. वयात येणे आणि लग्न होणे यांत अंतर असे ते फार तर दोन-चार वर्षांचे. तेवढ्या अवधीपुरते मौन निभावून जाई. अर्थात ज्या वयात त्या मुलींची लग्ने होत ते वय आज कोणालाही मान्य होणार नाही, आणि ते दिवस परत यावेत असे म्हणण्याचा हेतूही नाही. दिवस बदलले आणि मौन तेवढे मागे राहिले, हा येथे मुद्दा आहे.

हा बदल केवढा मोठा आहे ते ध्यानात घेतले पाहिजे. १९७७ सालापासून या देशात माध्यमिक शिक्षण निःशुल्क झाले आणि मराठी घरांतील मुली मोठ्या संख्येने शाळेत जाऊ लागल्या. २००५ सालापासून सोळा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे झाले. मुली पदव्या घेऊ लागल्या, शिक्षिका, परिचारिका, वकील, अधिकारी झाल्या. जानेवारी २०२२ मध्ये अमलात आलेल्या मुलांविषयीच्या नव्या कायद्याने अठरा वर्षांखालील विवाहाला पूर्ण बंदी केली. ही सारी प्रगती अभिमानास्पदच आहे. पण तिचा एक परिणाम असा की, मुलगी बाराव्या-तेराव्या वर्षी वयात येते आणि तिचे लग्न पंचविशीत किंवा त्याहूनही पुढे होते. मुलाची स्थिती याहून निराळी नाही. दोन-चार वर्षांसाठी घातलेला पडदा आता बारा-पंधरा वर्षे ताणावा लागतो, आणि तो ज्यांच्या आधारावर टांगलेला होता ते घर, ती आजी, ती हळदीची गाणी यांतले फारसे काही शिल्लक नाही. आत्या दुसऱ्या गावी, मावशी परदेशी, आणि आजी हयात असली तरी तिची आणि नातवंडांची भाषा एक राहिलेली नाही.

भाषेचा हा प्रश्न वाटतो त्याहून खोल आहे. येथील मराठी मुलाचे जीवन चार भाषांत वाटले गेले आहे. खेळणे, भांडणे, रुसणे हे क्रिओलमध्ये होते, अभ्यास आणि परीक्षा इंग्रजी व फ्रेंचमध्ये होतात, आरती, श्लोक आणि सणाचे भाषण मराठीत होते. शरीराच्या गुह्य अवयवांची नावे त्याच्या कानावर प्रथम पडतात ती बसथांब्यावर, क्रिओलमधील शिव्यांच्या रूपाने. तीच नावे पुढे विज्ञानाच्या पुस्तकात इंग्रजीत येतात, तीही आकृतीसह आणि परीक्षेपुरती. मराठीत मात्र ती कधीच येत नाहीत. बाळपणी ‘शूची जागा’ म्हणून जे काम भागवले त्यापुढे घरातील शब्दकोश जात नाही. परिणामी मुलाच्या मनात शरीराच्या या भागाविषयी दोनच भाव रुजतात, एक शिवीचा आणि दुसरा परीक्षेतील प्रश्नाचा. आदर, जबाबदारी आणि माया यांचा भाव ज्या भाषेतून यायचा त्या घरच्या भाषेत देहाला नावच नाही. ज्याला नाव नाही त्यावर संस्कार तरी कसा व्हावा?

घराने दिले नाही तर मूल ज्ञानावाचून राहते, अशी समजूत आज कोणी बाळगू नये. शेजारच्या मुलाच्या खिशात फोन असतो, आणि ज्या घरात फोनवर निर्बंध आहेत त्या घरातील मूल शाळेच्या आवाराबाहेर तो पाहते. तेथे जी चित्रे दिसतात त्यांत प्रेम नसते, संमती नसते, पुढे जन्माला येणाऱ्या मुलाचा विचार तर नसतोच. पुष्कळदा बळजबरी हीच मौज म्हणून दाखवली जाते. धार्मिक घरातील मुलाचा धोका येथे अधिक आहे, कमी नाही. इतर घरांतील मूल निदान एखाद्या मोठ्या माणसाला विचारू शकते. या घरातील मूल विचारू शकत नाही, कारण ‘हे तू पाहिलेस कोठे?’ हाच पहिला प्रश्न येईल हे त्याला पक्के ठाऊक असते. ते पाहते, घाबरते, स्वतःला पापी समजते आणि पुन्हा पाहते.

याहून गंभीर प्रश्न अत्याचाराचा आहे. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांना प्रश्न विचारण्यात आले होते. महाराष्ट्र आणि गोवा हीही त्या राज्यांत होती. त्यांतील ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला. छळ करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे, त्यांच्या विश्वासातले होते, आणि बहुसंख्य मुलांनी ती गोष्ट कोणालाही सांगितलेली नव्हती. हे आकडे मॉरिशसचे नाहीत, पण मनुष्यस्वभाव आणि कुटुंबाची घडण इतकी परकी नाही की ते दूर सारता यावेत. मुलाला ज्या अवयवाचे नाव घेण्याची चोरी, त्याला झालेल्या इजेची तक्रार ते कोणत्या शब्दांत करणार? ‘काकांच्या घरी मला जायचे नाही’ एवढेच ते म्हणते. त्यावर ‘वडीलधाऱ्यांविषयी असे बोलू नये’ असे उत्तर मिळाले की विषय संपतो. आज्ञाधारकपणा हा सद्गुण खरा, परंतु ‘नाही’ म्हणण्याची परवानगी न देता शिकवलेला आज्ञाधारकपणा दुष्टाच्या हाती आयते शस्त्र देतो.

अशा वेळी घराण्याच्या अब्रूचा विचार प्रथम होतो, हेही कबूल केले पाहिजे. मुलीवर प्रसंग ओढवला तर तिला दूरच्या नातेवाइकांकडे पाठवायचे, दोन घरांनी आपसात मिटवायचे, आणि सोळा वर्षे पुरी झाली असतील तर आईवडिलांच्या संमतीने लग्न लावून झाकायचे, अशी एक रीत सर्वच समाजांत होती. जुन्या कायद्यात त्या झाकण्याला वाव होता. २०२२ पासून तो उरलेला नाही. शाळेतील शिक्षकाला आणि वैद्यकीय व्यवसायातील माणसाला मुलाच्या छळाची शंका आल्यास ती सरकारला कळवण्याचे बंधन १९९४ च्या बालसंरक्षण कायद्यानेच घातले होते. म्हणजे जे घरात बोलले जात नाही ते पुढे पोलिसांसमोर आणि न्यायालयात बोलावे लागते. मुलाने पहिला शब्द आईजवळ उच्चारावा की अनोळखी अधिकाऱ्याजवळ, हे ठरवणे मात्र अजून पालकांच्या हाती आहे.

लैंगिक विषयाची चर्चा हिंदू धर्माला मान्य नाही, असा समज अनेक सात्त्विक माणसांच्या मनात आहे. धर्माचा इतिहास त्याला पुष्टी देत नाही. चार पुरुषार्थांत धर्म आणि अर्थ यांच्या जोडीला काम हा स्वतंत्र पुरुषार्थ मानला गेला, तो वर्ज्य मानला गेला नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात, धर्माला विरोध न करणारा प्राणिमात्रांतील काम म्हणजे मीच, अशा आशयाचे भगवंतांचे वचन आहे. सोळा संस्कारांची गणना गर्भाधानापासून सुरू होते. देवळात जेथे मूर्ती प्रतिष्ठित असते त्या सर्वांत पवित्र जागेला गर्भगृह म्हणतात. ज्या धर्माने देवाच्या निवासाला आईच्या उदराचे नाव दिले, त्या धर्माचे अनुयायी ‘गर्भ’ हा शब्द मुलांसमोर उच्चारताना चाचरतात, ही विसंगती विचार करण्यासारखी आहे.

महाभारतातील कुंतीची कथा तर या विषयावरचा उत्तम धडा आहे. कुंतिभोजाच्या घरी वाढलेली ही राजकन्या सेवाभावी आणि आज्ञाधारक होती. दुर्वासांची मनोभावे सेवा केल्यावर तिला देवाला पाचारण करण्याचा मंत्र मिळाला. मंत्र मिळाला, पण त्याचे मर्म आणि त्याचा परिणाम तिला कोणी समजावून सांगितला नाही. बालसुलभ कुतूहलाने तिने तो उच्चारला आणि कर्णाचा जन्म झाला. एका दाईखेरीज कोणाजवळही बोलण्याची सोय नसल्यामुळे तिने मुलाला पेटीत घालून नदीत सोडले. पुढे अनेक वर्षे ती गप्प राहिली. युद्ध उभे ठाकल्यावर ती कर्णाजवळ बोलली आणि पांडवांजवळ बोलली ती कर्ण रणात पडल्यावर. भावाच्या हातून भावाचा वध झाला, त्याच्या मुळाशी एका मुलीचे कुतूहल नव्हते, तर तिच्याभोवतीचे मौन होते. वयात येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला निसर्ग असाच एक मंत्र देतो. त्याचे मर्म सांगण्याचे काम मोठ्या माणसांचे असते.

दुसरी कथा प्रत्येक मराठी घरात भाद्रपदात सांगितली जाते. पार्वतीने अंगाच्या मळापासून बाळ घडवले आणि स्नानाला जाताना त्याला दारावर उभे केले. कोणालाही आत सोडू नकोस, एवढीच आज्ञा. घरचा धनी असलेले शंकर आले तरी बाळाने वाट सोडली नाही. त्या ‘नाही’बद्दल बाळाला मस्तक गमवावे लागले. परंतु कथा तेथे थांबत नाही. चूक कळल्यावर शंकरांनी त्याला पुन्हा जीवन दिले, आणि पुढे प्रत्येक कार्यात पहिला मान त्यालाच मिळाला. देहाची मर्यादा पाळली गेली पाहिजे, ती मर्यादा घरच्या माणसालाही लागू आहे, आणि तिचे रक्षण करणारे मूल उद्धट नसून पूजनीय आहे, हे यापेक्षा सोप्या रीतीने पाच वर्षांच्या मुलाला कोण सांगू शकेल? गणपतीपुढे बसून ही गोष्ट सांगणाऱ्या आजोबांनी तिच्यातील हा अर्थ एका वाक्यात जोडला तरी लैंगिक शिक्षणाचा पहिला पाठ झाला.

या विषयावर उघडपणे बोलणारी माणसे मराठी मुलखाला परकी नाहीत. मॉरिशसला आलेल्या मजुरांपैकी पुष्कळांचा जो रत्नागिरी जिल्हा, त्यातीलच मुरुड गावचे कर्वे घराणे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचले, तर त्यांचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यांना महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली, अश्लीलतेच्या आरोपावरून दंड भरावे लागले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्वे स्वतः बुद्धिवादी होते आणि त्यांची सर्वच मते धार्मिक कुटुंबांना पटणार नाहीत. तथापि शरीराविषयीचे शास्त्रीय ज्ञान सभ्य मराठीत सांगता येते, हे त्यांनी कायमचे सिद्ध केले.

मॉरिशसच्या इतिहासातही असाच एक धडा आहे. १९६० च्या सुमारास या बेटावरील लोकसंख्येची वाढ भयावह झाली होती आणि एका स्त्रीला सरासरी सुमारे सहा मुले होत असत. १९५७ साली कुटुंबनियोजनाची संस्था स्थापन झाली तेव्हा सर्वच धर्मांतील लोकांत कुजबुज झाली. कॅथलिक समाजाने आपल्या धर्ममताला धरून १९६३ साली निराळी संस्था काढली आणि नैसर्गिक मार्गाचे शिक्षण दिले. हिंदू घरांतील स्त्रिया डोक्यावर पदर घेऊन चिकित्सालयाच्या पायऱ्या चढल्या. दहा-पंधरा वर्षांत मुलांची सरासरी निम्म्यावर आली, आणि त्यामुळेच पुढच्या पिढीला शाळा, दप्तर आणि पोटभर अन्न मिळाले. त्या स्त्रियांचा धर्म बुडाला नाही. आजच्या आजी आणि पणजी त्याच आहेत. एकदा त्यांनी मौन मोडले होते ते मुलांच्या भल्यासाठीच.

तरीही काही आक्षेप आदराने ऐकून घेतले पाहिजेत. सांगितल्याने मुलांचे कुतूहल चाळवेल आणि जे घडणार नव्हते ते घडेल, हा सर्वांत मोठा आक्षेप. युनेस्को आणि अन्य आंतरराष्ट्रीय संस्थांनी २००९ साली या शिक्षणासंबंधी मार्गदर्शिका काढली आणि २०१८ साली ती सुधारली. निरनिराळ्या देशांतील अभ्यास तपासून त्यांत निष्कर्ष दिला आहे की, अशा शिक्षणामुळे मुले लवकर शरीरसंबंधाकडे वळतात असे दिसत नाही, उलट काही ठिकाणी तो लांबणीवर पडतो. दुसरा आक्षेप असा की, शाळेत जे शिकवले जाईल ते घरच्या नीतिकल्पनांशी जुळणार नाही. महाराष्ट्रात २००७ साली शाळांतील किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम अशाच विरोधामुळे थांबवण्यात आला. या आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष नेमका उलटा आहे. शाळा देहाचे शास्त्र सांगू शकते. विवाहाचे पावित्र्य, संयमाचे मोल, दिलेल्या शब्दाची किंमत हे घरानेच सांगायचे असते. घर गप्प राहिले तर मुलाला शास्त्र तेवढे मिळते आणि नीती मिळत नाही. मग तक्रार कोणाविरुद्ध करणार?

प्रत्यक्षात हे काम वाटते तितके अवघड नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला सर्व अवयवांची खरी नावे सांगावीत. अंघोळ आणि औषधोपचार यांखेरीज त्यांना कोणी हात लावू नये, आणि आईपासून लपवायला सांगितलेली गोष्ट ही सांगण्याचीच गोष्ट असते, एवढे बिंबवावे. नऊ-दहा वर्षांच्या वयात, म्हणजे बदल होण्याच्या आधी, मासिक पाळीची माहिती मुलीला द्यावी आणि मुलालाही द्यावी. शाळेतून मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी लस दिली जाते, त्या संमतिपत्रावर निमूटपणे सही करण्याऐवजी ती लस कशासाठी आहे हे मुलीला सांगितले, तर बोलण्याची सुरुवात सहज होते. तेरा-चौदाव्या वर्षी गर्भधारणा, तिचा प्रतिबंध, रोग, परस्परांची संमती, कायदा आणि फोनवरील चित्रांचा खोटेपणा यांविषयी बोलावे. सोळा-सतराव्या वर्षी जोडीदाराची निवड आणि विवाहाची जबाबदारी हे विषय यावेत.

दोन शब्दांविषयी विशेष काळजी घेतली पाहिजे. मुलीला पाळी आली की घरात ‘कावळा शिवला’ म्हणतात, तिला देवघरापासून दूर बसवतात आणि कारण सांगत नाहीत. ही प्रथा कोणत्या घराने पाळावी किंवा सोडावी हा त्या घराचा प्रश्न असेल. पण मुलगी मनाशी एवढेच नोंदवते की, आपल्या शरीरात काही तरी घाण आहे. ज्या स्रावाशिवाय कोणाचाही जन्म झाला नसता त्याला घाण म्हणणे हे शास्त्रालाही धरून नाही आणि मातृदेवतेच्या पूजेलाही शोभत नाही. मुलाच्या बाबतीत ‘स्वप्नदोष’ हा शब्द तसाच घातक आहे. वयात येणाऱ्या मुलाला झोपेत होणारा स्राव ही निसर्गाची क्रिया असून तिला दोष म्हटल्यामुळे कित्येक मुले आपली शक्ती नष्ट झाली या भयाने खंगतात आणि जाहिरातबाज वैद्यांच्या हाती पैसे देतात. मुलींविषयी निदान चिंता तरी केली जाते. मुलांना मात्र कोणीच काही सांगत नाही, आणि मग त्यांनी मुलींशी सभ्यपणे वागावे अशी अपेक्षा केली जाते.

गावोगावच्या मराठी मंडळींना येथे मोठे कार्य करता येण्यासारखे आहे. गणेशोत्सवाच्या तयारीसाठी बैठका होतातच. त्याच सुमारास एक बैठक केवळ पालकांसाठी घ्यावी आणि समाजातील डॉक्टर, परिचारिका, अनुभवी शिक्षिका यांना तेथे बोलवावे. शरीर, वाढ आणि आरोग्य यांविषयीच्या चाळीस-पन्नास मराठी शब्दांची एक छोटी पुस्तिका, क्रिओल अर्थासह, काढावी. ती घराघरांत गेली तर मराठी भाषेचीही सेवा होईल. कारण जी भाषा केवळ आरतीपुरती उरते ती फार काळ टिकत नाही, आणि ज्या भाषेत आई मुलाशी अवघड गोष्ट बोलू शकते ती सहसा मरत नाही. मंदिरातील वर्ग, झाकरीची तालीम, शिबिरे यांत कोणतेही मूल एकट्या प्रौढ माणसाजवळ बंद दाराआड राहणार नाही, असा नियम करावा आणि तो मंडळीच्या पदाधिकाऱ्यांनाही लागू असावा. मुलाने काही सांगितले तर प्रथम त्याच्यावर विश्वास ठेवावा, चौकशी मागाहून व्हावी, आणि घराण्याची अब्रू सर्वांत शेवटी यावी.

ज्या पूर्वजांनी समुद्र ओलांडला त्यांना येथे काय वाढून ठेवले आहे, हे जहाजावर चढताना कोणी खरे सांगितले नव्हते. कराराच्या कागदावर त्यांनी अंगठे उठवले ते त्यातील अर्थ न समजता. त्या अज्ञानाची किंमत त्यांनी आणि त्यांच्या मुलाबाळांनी पिढ्यान्‌पिढ्या दिली. म्हणूनच त्यांच्या वंशजांनी अक्षरओळखीला इतके मानले, आणि पोटाला चिमटा काढून मुलांना शाळेत घातले. देहाच्या बाबतीत मात्र त्यांची पणतवंडे अजूनही न वाचलेल्या करारावर अंगठा उठवत प्रौढपणात पाऊल टाकतात. तो करार त्यांना वाचून दाखवणे, शांतपणे, घरच्या भाषेत आणि घरच्या देवासमोर, हे प्रत्येक आईवडिलांचे कर्तव्य आहे.